‘मी एकटा याला हात लावणार नाही’

आमच्या ऑफिसात ‘टीमवर्क’ हा शब्द दिवसातून वीसेक वेळा तरी कानावर पडतो. अप्रेझलच्या फॉर्मवर त्याचा वेगळा रकाना आहे. कॅन्टीनच्या भिंतीवर होडी वल्हवणाऱ्या आठ जणांचं पोस्टर आहे. वर्षातून एकदा आम्हाला लोणावळ्याजवळच्या कुठल्या तरी रिसॉर्टवर नेतात, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावतात, संध्याकाळी डीजे, आणि सोमवारी पुन्हा तेच मेल-युद्ध. ‘हे माझ्या स्कोपमध्ये येत नाही.’ सीसी टू बॉस! त्यामुळे टीमवर्क म्हणजे माझ्या लेखी एक पाठ झालेला जोक होता.

२०१८ च्या उन्हाळ्यानंतर मला त्या जोकवर हसू येईनासं झालं. तीच गोष्ट सांगायचीय.

मी मूळची साताऱ्याची. पोवई नाक्याजवळ आमचं घर, नोकरी पुण्यात. मामा सांगलीला, गावभागात. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तो दिवाणजी आहे. मामाचा धाकटा मुलगा म्हणजे आमच्या अख्ख्या खानदानातलं शेंडेफळ, म्हणून बारक्या. ‘खरं नाव छापलंस तर बघ ताई’ अशी धमकी मिळालीय, तेव्हा इथेही बारक्याच. त्या वर्षी तो पंधरा वर्षांचा होता. नववीची परीक्षा, मग दहावीची व्हेकेशन बॅच, आणि उरलेल्या वेळात क्रिकेट.

मार्चमध्ये त्याचा घोळणा फुटायला लागला. आता आमच्याकडे उन्हाळ्यात घोळणा फुटणं ही काही बातमी नाही. कांदा फोडून हुंगायला देतात, टाळूवर गार पाणी थापतात, आज्या दूर्वांचा रस नाकात पिळतात. आणि डोकं मागे करून आडवं झोपवतात. हे साफ चुकीचं आहे, हे मला नंतर कळलं. रक्त थांबत नाही, फक्त घशातून पोटात जातं. ताठ बसवून, जरा पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचा. मधे मधे ‘थांबलं का’ म्हणून सोडून बघायचं नाही.

पण बारक्याचा घोळणा जरा वेगळा होता. रक्त यायचं ते दर वेळी डाव्याच नाकपुडीतून. तीच नाकपुडी गेले कित्येक महिने चोंदलेली. रात्री घोरायचा. बोलणं गेंगाणं झालं होतं, बॅचमधली पोरं त्यावरून चिडवायची. मामीने एकदा फोडणी जाळली, घर धुराने भरलं, हा पठ्ठ्या शेजारच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेला. त्याला वासच आला नाही. घरात सगळे हसलो. थेंब, ॲलर्जीची गोळी, ‘वयाचा परिणाम’... प्रत्येक तक्रारीला वेगळं उत्तर होतं. सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून कुणी बघितल्या नाहीत. मीही नाही.

छोटंसं ऑपरेशन

मे महिन्यात एका डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकात बघितलं. म्हणाले, ‘नाकात मांस वाढलंय. छोटंसं ऑपरेशन आहे. परवा करून टाकू, तुकडा तपासायला पाठवू.’ मामाने मला फोन केला. मोबाइल कुठला घ्यावा इथपासून होम लोनपर्यंत सगळ्या विषयांत मी घरची एक्स्पर्ट, कारण मी पुण्यात असते!

आमचं रिलीज चालू होतं. मी एका हाताने बग-लिस्ट खाली-वर करत ऐकत होते. म्हटलं, ‘मामा, पॉलिप तर आहे. सगळ्यांना होतो. करून टाका ना!’

फोन ठेवला आणि कॉफी आणायला गेले.

त्याच रात्री दोन वाजता बारक्याला जाग आली ती उशी ओली लागली म्हणून. रक्त थांबेचना. मामीने धरलेला टॉवेल भरला, दुसरा भरला. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला मिरज रोडवरच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं, ते जवळ राहतात एवढ्याच कारणासाठी. साठीचे गृहस्थ. बनियनवर शर्ट चढवत खाली आले, नाकात पॅक भरला, रक्त थांबवलं आणि पहाटेपर्यंत बाजूला स्टूल घेऊन बसून राहिले.

मी स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. साताऱ्याच्या स्टँडवर आई चढली, हातात डबा, डोळे सुजलेले. कऱ्हाड गेलं, पेठ नाका गेला, आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. माझ्या डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं. ‘करून टाका ना!’

दोन दिवसांनी पॅक काढून डॉक्टरांनी दुर्बीण घातली. स्क्रीनवर आम्हालाही दिसलं. नाकाच्या पार मागे एक गुळगुळीत, लालसर-जांभळा गोळा. त्यांनी दुर्बीण त्याच्यापासून लांबच ठेवली आणि हळूच बाहेर काढली.

‘मी एकटा याला हात लावणार नाही,’ ते म्हणाले. ‘तुकडाही काढणार नाही. आणि तुम्हीही कुणाला काढू देऊ नका.’

मामाचा चेहरा पडला. ‘म्हणजे तुम्हाला जमणार नाही का डॉक्टर?’

‘तसं नव्हे हो. हे एकट्याने करायचंच काम नाही.’

खरं सांगू? मला तो माणूस घाबरट वाटला. आदल्या डॉक्टरांनी कसं, ‘परवा करून टाकू’ म्हणून तारीख दिली होती. हे तर आमच्या ऑफिसातल्या लोकांसारखेच, ‘माझ्या स्कोपमध्ये नाही’ म्हणणारे.

घराच्या मधला स्लॅब

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडमागे चित्र काढलं. आपली कवटी म्हणजे दुमजली घर समजा. वरच्या मजल्यावर मेंदू, खालच्या मजल्यावर नाक, सायनस, घसा. मधला स्लॅब म्हणजे कवटीचा तळ, स्कल बेस. या स्लॅबमधून सगळी पाइपलाइन आणि वायरिंग जातं. मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी, डोळ्याची नस, गालाच्या संवेदनेची नस. बारक्याची गाठ बरोबर या स्लॅबखाली होती, नाकाच्या मागच्या टोकाला, जिथे एका बारीक भोकातून नाकाची धमनी आत शिरते तिथे.

गाठीचं नाव जुव्हेनाइल नेझोफॅरिंजिअल अँजिओफायब्रोमा. डॉक्टर मंडळी नुसतं जेएनए म्हणतात. ही जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते, साधारण दहा ते पंचवीस या वयात. पुरुषी हार्मोन्सशी तिचा संबंध असावा असं मानतात. दुर्मीळ इतकी, की डोक्या-मानेच्या हजार गाठींमध्ये फार तर पाच. कॅन्सर नाही. रिपोर्टच्या भाषेत ‘बिनाइन’, साधी.

‘साधी’ ऐकून आईने हात जोडले. डॉक्टर म्हणाले, ‘थांबा. साधी म्हणजे शरीरात दुसरीकडे पसरत नाही, एवढंच. जिथे आहे तिथे हाड खात वाढते. गालात जाते, डोळ्याच्या खोबणीत जाते, स्लॅब फोडून वरही जाऊ शकते.’

आणि रक्ताचं काय? आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. कापलं की ती वाहिनी आकसते, म्हणून रक्त थांबतं. या गाठीतल्या बऱ्याच वाहिन्यांना हा थर धड नसतोच. एकदा उघडल्या की उघड्याच. म्हणून जेएनएचा नुसता संशय असला तरी आधी तुकडा काढत नाहीत. निदान होतं ते वय, लक्षणं, दुर्बीण आणि स्कॅन यांवरून.

मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले. परवा करून टाकू. तुकडा तपासायला पाठवू. करून टाका ना...

मोठ्या दुखण्याला आमच्याकडची माणसं मिरजेकडे बघतात. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासूनची ही सवय. मिरजेत १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वाटेत कऱ्हाडला १९८४ पासूनचं कृष्णा आहे. म्हणजे आमच्या रस्त्यावर डॉक्टरांचा दुष्काळ नाही. पण ही गाठ एखाद्या चांगल्या सर्जनलाही क्वचितच भेटते. त्यामुळे डॉक्टर कुठे आहे यापेक्षा, ही गाठ पूर्वी काढलेली चार-पाच माणसं एकत्र कुठे आहेत, हे शोधायचं असतं. सांगलीच्या डॉक्टरांनी ते शोधलं. सीटी आणि एमआरआय मिरजेत झाले. गाठ पाच सेंटिमीटरची. तिने सायनसची मागची भिंत धनुष्यासारखी पुढे वाकवली होती, गालामागच्या पोकळीत शिरली होती आणि स्लॅबला टेकली होती. वर गेलेली नव्हती. त्यांनी सीडी कुरिअरने पुण्याला पाठवली आणि तिथल्या टीमशी अर्धा तास फोनवर बोलले. त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

आणि एक मीटिंग

पुण्याच्या हॉस्पिटलात आम्हाला मीटिंगला बोलावलं. मीटिंग म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मीटिंगांत काय होतं ते मला माहितीय!

एक छोटी खोली, एक स्क्रीन, पाच माणसं. दुर्बिणीने ऑपरेशन करणारे कान-नाक-घशाचे सर्जन, न्यूरोसर्जन, रक्तवाहिन्यांच्या आतून काम करणारे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, डोळ्यांच्या डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ बाई सगळ्यांत लहान, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. मुख्य सर्जननी पुढच्या गुरुवारची तारीख काढली होती. या बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, ‘सर, हिमोग्लोबिन ७.९ आहे. मी या मुलाला गुरुवारी भूल देणार नाही.’

मामा मधेच बोलला, ‘अहो, रक्त जातंय म्हणून तर ते कमी झालंय. गाठ काढा म्हणजे वाढेल की!’

‘काका, ऑपरेशनमध्ये अजून रक्त जाणार आहे,’ त्या म्हणाल्या. ‘गाडी घाटात घालायचीय आणि टाकीत दोन लिटर पेट्रोल. चालेल?’

सर्जननी सेकंदभर स्क्रीनकडे बघितलं. ‘बरं. मग तीन आठवड्यांनी.’

एवढंच. नाराजी नाही, ‘मी इथला सीनियर’ नाही. आमच्याकडे रिलीजची तारीख चार दिवस पुढे ढकलायला अकरा जणांच्या सह्या लागतात आणि शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटतं.

ते तीन आठवडे बारक्या साताऱ्यात आमच्या घरी राहिला. सांगलीपेक्षा सातारा पुण्याला निम्म्याने जवळ, म्हणून टीमनेच तसं सुचवलं. साताऱ्यातल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्यांनी फोन करून ठेवला, स्कॅनची प्रत दिली, रक्तस्राव झालाच तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे लिहून दिलं. शिरेतून लोह देणं साताऱ्यातच झालं. आईने अळीव, खजूर, नाचणी असा मारा लावला, वर लिंबू पिळून. जेवणावर चहा बंद, कारण चहाने अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. क्रिकेट बंद, नाक शिंकरणं बंद, वजन उचलणं बंद. संध्याकाळी गच्चीत बसून तो अजिंक्यताऱ्याकडे बघत राही. एकदा म्हणाला, ‘ताई, मी मेलो तर माझी बॅट कुणाला द्यायची?’ मी म्हटलं, ‘गप बस.’ मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पैशांचं सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि कुणी मोकळेपणी बोलत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली सरकारी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होती, पुढे ती पाच लाखांपर्यंत वाढवली गेली. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. कशाला मदत मिळते, कशाला नाही, कुठली कागदपत्रं लागतात, हे पहिल्याच दिवशी त्याला विचारायचं. आम्ही शेवटी विचारलं. दरम्यान मामाने सोसायटीचं कर्ज काढलं होतं आणि मामीच्या पाटल्या गेल्या होत्या.

मेन कॉक

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एम्बोलायझेशन होतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालायची, ती छातीतून मानेपर्यंत न्यायची आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांद्यांत बारीक वाळूसारखे कण सोडून त्या बंद करायच्या. सुईवाटे धमनीत नळी सरकवायची ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. नंतर तिच्यावर एक अख्खी शाखाच उभी राहिली.

रेडिऑलॉजिस्ट बारक्याशीच बोलले, आमच्याशी नंतर. बारक्याने विचारलं, ‘म्हणजे पाण्याचा कॉक बंद करणार?’

‘बरोबर.’

‘मग मेन कॉकच का नाही बंद करत?’

‘कारण मेन कॉकवर तुझा मेंदू पण आहे.’

त्याला ते एकदम पटलं. आम्हाला मात्र कागदावर सही करायची होती. कण भलत्या फांदीत गेले तर डोळा जाऊ शकतो, लकवा होऊ शकतो. मामाने पेन हातात धरलं आणि मला म्हणाला, ‘तू वाच गं पुन्हा एकदा.’ मी वाचलं. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. मग त्याने सही केली.

दोन तासांनी रेडिऑलॉजिस्ट बाहेर आले आणि आमच्यासमोरच सर्जनना म्हणाले, ‘तीन फांद्या बंद केल्या. एक बारीक फांदी आतल्या मोठ्या धमनीतून येतेय, ती मी सोडलीय. रिस्क होती. उद्या तुम्हाला इथे रक्त लागेल.’ आणि स्क्रीनवर बोट ठेवून जागा दाखवली.

मला हे वाक्य कधी विसरता येत नाही. आमच्याकडे अर्धवट राहिलेलं काम माणूस पीपीटीच्या शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात लपवतो. इथे या माणसाने आपलं न झालेलं काम पुढच्याला बोट ठेवून दाखवलं होतं.

एम्बोलायझेशन झालं की एक ते तीन दिवसांत ऑपरेशन उरकावं लागतं, नाहीतर गाठ दुसरीकडून रक्त ओढायला लागते. आमचं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. रक्तपेढीत चार बाटल्या जुळवून तयार. त्या बदल्यात रक्त द्यायला साताऱ्याहून दोन चुलतभाऊ आले, सांगलीहून बारक्याचे क्लासचे सर आले. आणि माझ्या ऑफिसातले चौघं आले. टेस्टिंग टीमचे. हो, तेच, ज्यांना मी ‘नॉट इन स्कोप’ची मेल टाकायचे. मी कुणाला बोलावलंही नव्हतं. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, तेवढंच.

साडेसहा तास लागले. चेहऱ्यावर एकही काप नाही. पूर्वी अशा गाठीसाठी नाकाच्या कडेने गाल उघडायचे किंवा टाळू चिरायचे. आता दोन सर्जन दोन्ही नाकपुड्यांतून चार हातांनी काम करतात. एक दुर्बीण धरतो आणि रक्त ओढतो, दुसरा गाठ सोडवतो. भूलतज्ज्ञ रक्तदाब मुद्दाम खाली धरून ठेवतात, म्हणजे रक्त कमी जातं. पण इतका खालीही नाही की मेंदूला कमी पडावं. शेवटी गाठीचं मूळ जिथे होतं तिथलं हाडही घासून काढतात, कारण तिथे कणभर राहिलं तरी गाठ पुन्हा वाढू शकते. जी फांदी उघडी सोडली होती तिथे रक्त आलं. बरोबर तिथेच. ती जागा सगळ्यांना आधीच माहीत होती.

दुपारी सगळ्यांत आधी बाहेर आले ते न्यूरोसर्जन. मामा धावला. ते म्हणाले, ‘माझं काम पडलं नाही. गाठ स्लॅबच्या खालीच सुटून आली.’ हा माणूस सकाळपासून आत स्टुलावर बसून होता. वरचा मजला उघडलाच तर, म्हणून. चार बाटल्यांतली एकच लागली.

या गाठीबद्दल वाचताना मला एक नाव सापडलं. अशी गाठ ऑपरेशनने काढल्याची पहिली नोंद म्हणून १८४१ चं साल सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातले रॉबर्ट लिस्टन, झपाट्याने ऑपरेशन करण्याबद्दल गाजलेले सर्जन. ईथरची भूल आली ती १८४६ मध्ये. म्हणजे १८४१ चा तो पेशंट जागा असणार, आणि सगळी मदार एका माणसाच्या हाताच्या वेगावर. वेगवान हाताचा तो हीरो आपल्याला अजून आवडतो. ‘परवा करून टाकू’ म्हणणारा. मलाही तोच आवडला होता.

काहीच न करण्याचा निर्णय

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. ऑक्टोबरच्या एमआरआयमध्ये हाडापाशी एक ठिपका दिसला. चार मिलिमीटरचा. टीम पुन्हा बसली. या वेळी सांगलीचे डॉक्टर फोनच्या स्पीकरवर. ही मीटिंग सगळ्यांत लांबली आणि निर्णय झाला तो, सध्या काही करायचं नाही. ठिपका जखमेचा व्रणही असू शकतो. गाठीचा अंश असला तरी वय वाढेल तसा तो आहे तेवढाच राहू शकतो, आकसूही शकतो. रेडिएशनचा पर्याय असतो, पण वाढत्या वयाच्या पोराला तो शक्यतो देत नाहीत. सांगलीत दर तीन महिन्यांनी दुर्बीण, ठरावीक अंतराने एमआरआय, आणि वाढला तर बघू. ‘करून टाका’ची सवय लागलेल्या आम्हाला ‘थांबा आणि बघा’ फार जड गेलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुढचा एमआरआय होता. पण त्या आठवड्यात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं आणि गावभाग बुडाला. मामाच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी. नंतर मामीने सांगितलं, पाणी उंबऱ्याला लागल्यावर मामाने सगळ्यांत आधी माळ्यावर काय टाकलं असेल? घराचे कागद नाही, टीव्ही नाही. बारक्याच्या स्कॅनची फाइल. एमआरआय सप्टेंबरमध्ये झाला. ठिपका तेवढाच. २०२१ मध्ये तो नीट दिसेना झाला.

ऑपरेशननंतरचे महिने मात्र सोपे नव्हते. नाकात खपल्या धरायच्या, रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवावं लागायचं, डावा गाल बधिर. दहावीला त्याला ७४ टक्के पडले आणि मामाने अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. साताऱ्याचे कंदी, आईने पाठवलेले.

पण माझ्या मनात राहिलाय तो त्याच्या आधीचा दिवस. २०१९ च्या फेब्रुवारीत मी सांगलीला गेले होते. बारक्या आणि मी मामाला डबा द्यायला मार्केट यार्डात गेलो. हळदीचा सीझन, पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ. बारक्या दारातच थांबला.

‘काय झालं रे?’

‘ताई,’ तो म्हणाला, ‘पप्पांच्या शर्टाला हा वास येतो होय?’

दोनेक वर्षं तो वास त्याला आला नव्हता. आणि त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं!

तर मंडळी, तुमच्या घरात, ओळखीत दहा ते पंचवीस या वयातला मुलगा असेल, एकच नाकपुडी महिनोन्महिने बंद असेल आणि त्याच बाजूने पुन्हा पुन्हा घोळणा फुटत असेल, तर उन्हाळ्यावर ढकलू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने बघून घ्या. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण आत गाठ दिसली, तर स्कॅनच्या आधी तुकडा काढू देऊ नका. आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ‘तुमच्याबरोबर अजून कोण कोण असणार?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

मिरज रोडवरचे ते डॉक्टर आता ऑपरेशनं करत नाहीत, तपासायला बसतात. मी मागच्या दिवाळीत फराळ घेऊन गेले होते. मी त्यांना तेव्हा घाबरट समजले होते, हे सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, ‘घाबरलोच होतो की!’

मामाचा फोन अजूनही येतो, मोबाइल कुठला घेऊ म्हणून. फरक एवढाच, की आता मी लॅपटॉप बंद करते, उठून बाहेर जिन्यात जाते आणि मग म्हणते, ‘बोला मामा.’